फिलिबस्टर

विधिमंडळात एखाद्या विधेयकावर मतदान होऊ नये किंवा ते लांबणीवर पडावे, या हेतूने सदस्यांनी केलेले प्रदीर्घ भाषण अथवा नियमांच्या आधारे केलेली अडवणूक म्हणजे फिलिबस्टर होय. अल्पमतातील गटाला मतांच्या बळावर जे रोखता येत नाही, ते वेळेच्या बळावर रोखण्याचा हा मार्ग आहे. अमेरिकेच्या सिनेटमध्ये ही प्रथा विशेष रुजली असून २०२५ मधील शासकीय टाळेबंदीमुळे ती पुन्हा वादाचा विषय ठरली.

व्युत्पत्ती आणि पूर्वपीठिका

लुटारू या अर्थाचा एक डच शब्द स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला आणि त्याचे 'फिलिबस्टर' झाले. एकोणिसाव्या शतकात मध्य अमेरिकेतील देशांवर खाजगी स्वाऱ्या करणाऱ्यांना हे नाव होते. पुढे सभागृहाचा वेळ लुटणाऱ्या सदस्यांनाही ते चिकटले. प्रथा मात्र शब्दाहून जुनी आहे. प्राचीन रोममध्ये सिनेटचे कामकाज सूर्यास्तापूर्वी आटोपावे लागे. त्याचा लाभ घेऊन धाकटा केटो अंधार पडेपर्यंत बोलत राही आणि मतदान टाळी.

अमेरिकेतील विकास

सिनेटच्या संस्थापकांनी फिलिबस्टरची योजना केलेली नव्हती. १८०६ मध्ये नियमांची फेररचना करताना चर्चा थांबवून मतदान घेण्याची तरतूद अनावश्यक म्हणून वगळली गेली आणि अमर्याद भाषणाची वाट नकळत मोकळी झाली. १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, व्यापारी जहाजांना शस्त्रसज्ज करण्याचे विधेयक मूठभर सदस्यांनी अडवले. त्यानंतर 'क्लोचर' म्हणजे चर्चासमाप्तीचा ठराव दोनतृतीयांश मतांनी संमत करण्याचा नियम झाला. १९७५ मध्ये ही अट तीनपंचमांशावर, म्हणजे १०० पैकी ६० मतांवर आणली गेली.

विसाव्या शतकात या शस्त्राचा सर्वांत गंभीर परिणाम कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांवर झाला. झुंडीने केलेल्या हत्यांविरुद्धचे विधेयक प्रतिनिधिगृहाने १९२२ मध्ये संमत केले. सिनेटमध्ये दक्षिणेकडील सदस्यांनी ते अडवले. अशा हत्यांना संघराज्याच्या पातळीवर गुन्हा ठरवणारा कायदा होण्यास २०२२ साल उजाडले. १९५७ च्या नागरी हक्क विधेयकाविरुद्ध स्ट्रॉम थरमंड हे सलग २४ तास १८ मिनिटे बोलले. तरीही ते विधेयक संमत झाले. १९६४ च्या नागरी हक्क विधेयकावरील अडवणूक १० जून १९६४ रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी मोडून काढण्यात आली.

भाषणाविना अडवणूक

१९७० च्या दशकात सिनेटने एक विधेयक अडलेले असतानाही दुसरे कामकाज चालवण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे सभागृह ठप्प होणे टळले, परंतु अडवणूक करणाऱ्यांचे कष्टही संपले. उभे राहून रात्रभर बोलण्याऐवजी विरोधाची पूर्वसूचना पुरेशी ठरू लागली. परिणामी बहुतेक महत्त्वाच्या विधेयकांसाठी साध्या बहुमताऐवजी ६० मते हाच व्यवहारातील निकष बनला.

या निकषाला काही अपवाद आहेत. अर्थसंकल्पीय समायोजनाची विधेयके साध्या बहुमताने संमत होतात. २०१३ मध्ये डेमोक्रॅटिक बहुमताने सर्वोच्च न्यायालय वगळता इतर नियुक्त्यांसाठी, तर २०१७ मध्ये रिपब्लिकन बहुमताने सर्वोच्च न्यायालयाच्या नियुक्त्यांसाठीही ६० मतांची अट काढून टाकली.

२०२५ मधील वाद

१ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या ४३ दिवसांत अमेरिकी शासनाचे कामकाज अंशतः बंद राहिले. सिनेटमध्ये रिपब्लिकन पक्षाचे ५३ सदस्य असूनही तात्पुरत्या निधीच्या विधेयकाला ६० मते मिळत नव्हती. आरोग्यविम्यावरील वाढीव अनुदान चालू ठेवावे, ही डेमोक्रॅटिक पक्षाची मागणी होती. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी फिलिबस्टर संपवण्याचे आवाहन केले; त्यांच्याच पक्षाचे सिनेटमधील नेते जॉन थून यांनी ते मानले नाही. अखेर विरोधी गटातील आठ सदस्यांच्या साहाय्याने ६० विरुद्ध ४० असा निर्णय झाला. थून यांच्या नकारामागील कारण उघड आहे: आजचे बहुमत उद्या अल्पमतात जाऊ शकते.

भारतातील स्थिती

भारतीय संसदेत कामकाज सल्लागार समिती विषयांना वेळ ठरवून देते, पक्षांना सदस्यसंख्येनुसार वेळ मिळतो आणि चर्चा थांबवण्याची तरतूदही नियमांत आहे. त्यामुळे अमेरिकी पद्धतीचा फिलिबस्टर येथे रुजला नाही. येथे मतदान अडते ते बहुधा गदारोळाने आणि तहकुबीने.

लोकपाल विधेयक हे याचे लक्षणीय उदाहरण आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर लोकसभेने २७ डिसेंबर २०११ रोजी ते संमत केले. २९ डिसेंबरला राज्यसभेतील चर्चा मध्यरात्रीपर्यंत लांबली, एका सदस्याने विधेयकाची प्रत फाडली आणि मतदानाविनाच सभागृह अनिश्चित काळासाठी तहकूब झाले. शासनाने हेतुपुरस्सर वेळ काढल्याचा आरोप विरोधकांनी केला, तर १८७ दुरुस्त्यांचा अभ्यास करण्यास वेळ हवा, असे शासनाचे म्हणणे होते. कायदा संमत होण्यास डिसेंबर २०१३ उजाडला. विलंबाचे साधन केवळ अल्पमताच्याच हाती असते असे नाही, हा या प्रसंगातील वादाचा मुद्दा होता.

मूल्यमापन

समर्थकांच्या मते फिलिबस्टरमुळे बहुमताला घाईने कायदे रेटता येत नाहीत, तडजोड करावी लागते आणि अल्पमताचा आवाज टिकतो. टीकाकारांच्या मते त्यामुळे मतदारांनी दिलेला कौल निष्प्रभ होतो आणि अपयशाचे उत्तरदायित्व कोणावर, हे जनतेला कळत नाही. युक्तिवाद करून मत बदलण्यासाठी घेतलेला वेळ आणि मतदानच टाळण्यासाठी घेतलेला वेळ, या दोहोंतील सीमारेषा आखणे ही प्रत्येक विधिमंडळापुढील अडचण आहे. चर्चेला अवकाश द्यावा, पण निर्णयाची वेळ निश्चित असावी, हा त्यावरील मध्यममार्ग मानला जातो.