ट्रकची धूर चाचणी : कायदा कडक, माप कच्चे

२०२५ हे वर्ष ट्रकवाल्यांना जड गेले. जुलैमध्ये ई-चलानच्या विरोधात राज्यातल्या मालवाहतूकदारांनी संप केला. ऑगस्टमध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी ‘पीयूसी नाही तर इंधन नाही’ हे धोरण राज्यात कडकपणे राबवण्याचे जाहीर केले. १ नोव्हेंबरपासून दिल्लीबाहेर नोंदणी झालेल्या बीएस-३ आणि त्याहून जुन्या मालवाहू गाड्यांना दिल्लीत प्रवेश बंद झाला. बीएस-४ गाड्यांना ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत मिळाली. त्याच नोव्हेंबरात केंद्र सरकारने जुन्या गाड्यांच्या फिटनेस चाचणीची फी वाढवली आणि वीस वर्षांहून जुन्या जड ट्रकसाठी ती २५ हजार रुपयांवर नेली.

हवा स्वच्छ झाली पाहिजे, याबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. पण ज्या चाचणीच्या जोरावर गाडी पास-नापास ठरते, दंड बसतो, लायसन्स जाते, ती चाचणी खरे माप सांगते का? आमच्या मते या सगळ्या चर्चेत हाच प्रश्न मागे पडला आहे.

आणि हा प्रश्न आपल्या घरांपासून लांब नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिम कामगारांचे प्रमाण ज्या व्यवसायांत जास्त दाखवले, त्यात रस्ते वाहतूक आणि वाहन दुरुस्ती हे दोन्ही आहेत. भिवंडीच्या गोदामांपासून मालेगावच्या यंत्रमागांपर्यंत आणि कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलपर्यंत ड्रायव्हर, क्लीनर, फिटर, वेल्डर, एक-दोन गाड्यांचे मालक ही सगळी माणसे आपल्या ओळखीची, नात्यातली आहेत. दंड भरणारेही आपण आणि तोच धूर छातीत घेणारेही आपणच.

धूर नेमका मोजतात कसा?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ११५ प्रमाणे प्रत्येक गाडीला प्रदूषण चाचणी बंधनकारक आहे. नव्या गाडीला पहिले एक वर्ष सूट असते. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांचे प्रमाणपत्र वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांचे सहा महिने. महाराष्ट्रात डिझेल गाडीसाठी १५० रुपये लागतात.

डिझेल ट्रकची चाचणी अशी होते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असते. इंजिन गरम केलेले असते. सायलेन्सरमध्ये यंत्राची नळी घालतात आणि ॲक्सिलरेटर एका दमात पूर्ण दाबतात. असे अनेकदा करून सरासरी काढली जाते. यंत्राच्या आत उजेडाचा झोत असतो. धुराने तो किती अडवला, त्यावरून आकडा येतो. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना हा आकडा २.४५ पर्यंत चालतो, बीएस-४ ला १.६२ आणि बीएस-६ ला ०.७.

म्हणजे ही चाचणी धुराचा काळेपणा मोजते, आणि तोही उभ्या, रिकाम्या गाडीचा. वीस-पंचवीस टन माल लादून कसारा घाट चढणाऱ्या ट्रकचा धूर कसा असतो, हे त्या आकड्यात येत नाही. नायट्रोजन ऑक्साइड हा विषारी वायू तर ती मोजतच नाही. डोळ्यांना न दिसणारे आणि फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण मोजण्याचीही सोय तिच्यात नाही.

गंमत अशी की, नवे ट्रक महाग झाले ते नेमके याच दोन गोष्टींसाठी. १ एप्रिल २०२० पासून देशाने बीएस-५ वगळून बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर उडी घेतली. जड इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा प्रति किलोवॅट-तास ३.५ ग्रॅमवरून ०.४६ ग्रॅमवर आली. डिझेलमधले गंधक दहा लाख भागांत ५० होते, ते १० वर आणले गेले. ट्रकला कण अडवणारा फिल्टर आणि युरियाच्या द्रावणावर चालणारी धूर शुद्ध करणारी यंत्रणा लागली. या सगळ्याचा खर्च गाडीच्या हप्त्यातून ट्रकमालकच फेडतो आहे. पण एवढी महागडी यंत्रणा पाच वर्षांनंतर नीट चालते की बंद पडली आहे, हे सांगण्याची ताकद १५० रुपयांच्या चाचणीत नाही.

मापात पाप

जे मोजले जाते ते तरी प्रामाणिकपणे मोजले जाते का? दिल्लीतील वाहन प्रदूषणावरचा कॅगचा अहवाल १ एप्रिल २०२५ रोजी दिल्ली विधानसभेत मांडला गेला. त्यानुसार पाच वर्षांत तपासलेल्या सुमारे २२ लाख डिझेल गाड्यांपैकी २४ टक्के गाड्यांच्या मापाची नोंदच सापडली नाही. ४,००७ प्रकरणांत धूर मर्यादेपेक्षा जास्त असूनही गाडी पास झाली. एकाच केंद्रावर एकाच वेळी दोन गाड्या तपासल्याच्या नोंदी मिळाल्या. ७६ हजारांहून अधिक वेळा तपासणीनंतर मिनिटभरात प्रमाणपत्र निघाले होते.

हे आकडे दिल्लीचे आहेत, पण नियम तोच आहे आणि पद्धतही तीच. देशाच्या राजधानीत, सुप्रीम कोर्टाच्या नजरेखाली हे घडत असेल, तर हायवेवरच्या पंपाशेजारी उभ्या असलेल्या पीयूसी व्हॅनकडून काय अपेक्षा ठेवायची? पीयूसीवाल्याचीही एक अडचण आहे. शंभर-दीडशे रुपयांत मशीन, माणूस आणि जागेचे भाडे भागवायचे. गाडी नापास केली की गिऱ्हाईक शेजारच्या व्हॅनकडे जाते. पास करण्यातच ज्याचा धंदा आहे, त्याच्या हातात आपण माप दिले आहे.

भुर्दंड मात्र ड्रायव्हरवर

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स रद्द. गाडी चालवणारा आणि चालवायला लावणारा, दोघेही कायद्याने जबाबदार आहेत. पण रस्त्यावर सापडतो तो ड्रायव्हर. मालकाकडे अनेकदा जड वाहनाचे लायसन्सच नसते, त्यामुळे त्याचे काही जात नाही. पगारावरच्या ड्रायव्हरचे तीन महिने लायसन्स गेले, तर त्याच्या घरात तीन महिने चूल कशी पेटायची?

त्याच २०१९ च्या दुरुस्तीत कंपन्यांसाठीही कलम आले आहे. कलम १८२अ नुसार निकष न पाळणाऱ्या गाडी उत्पादकाला एक वर्षापर्यंत कैद किंवा १०० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. पर्यावरणाला हानी पोहोचवणारा दोष असेल तर कलम ११०अ खाली गाड्या परत मागवण्याचे आदेश देता येतात. कागदावर तराजूची दोन्ही पारडी समान आहेत. पण ड्रायव्हरचे चलान रोज फाटते, कंपनीवरच्या कारवाईची बातमी मात्र क्वचितच कानावर येते.

कंपन्या चुकतच नाहीत, असे मानायला इतिहासात आधार नाही. १९९८ मध्ये अमेरिकेच्या सरकारने जड डिझेल इंजिन बनवणाऱ्या सात मोठ्या कंपन्यांना पकडले. त्यांच्या इंजिनातला कॉम्प्युटर प्रयोगशाळेच्या चाचणीत धूर आवरायचा आणि हायवेवर गाडी एका वेगात धावू लागली की मोकळा सोडायचा. त्यांना ८ कोटी ३४ लाख डॉलरचा दंड झाला. सगळी भरपाई आणि दुरुस्ती धरून तो व्यवहार सुमारे १०० कोटी डॉलरवर गेला. अमेरिकन सरकारने तेव्हा ड्रायव्हरला नाही, कारखान्याला जबाबदार धरले.

आपल्याकडेही प्रयोगशाळा आणि रस्ता यातला फरक दिसू लागला आहे. २०२४ मध्ये आयसीसीटी या संशोधन संस्थेने दिल्ली आणि गुरुग्राममध्ये रस्त्याच्या कडेला यंत्रे लावून लाखाहून अधिक मापे घेतली. बीएस-६ च्या छोट्या मालवाहू गाड्यांतून निघणारा नायट्रोजन ऑक्साइड त्याच श्रेणीच्या खासगी कारच्या पाचपट आढळला. नियमांत यावर उपाय आहे. १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात गाडीवरच मोजमापाचे यंत्र बसवून, खऱ्या रस्त्यावर चालवून तपासणी करण्याची तरतूद आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थांकडे असे काम करण्याची क्षमताही आहे. आमची मागणी साधी आहे. कोणत्या कंपनीच्या कोणत्या मॉडेलचा धूर रस्त्यावर किती निघाला, हे ट्रक विकत घेणाऱ्याला कळले पाहिजे. पंचवीस-तीस लाखांचे कर्ज काढणाऱ्याचा तो हक्क आहे.

आपल्या गॅरेजचेही बोलू

सरकार आणि कंपन्यांना प्रश्न विचारताना आपल्या आळीतल्या गॅरेजकडेही पाहावे लागेल. शंभर लिटर डिझेलमागे साधारण चार-पाच लिटर युरियाचे द्रावण लागते. ते संपले की ट्रकची ताकद कमी होते. हा खर्च वाचवण्यासाठी ‘युरिया बंद करून देतो’ म्हणणारे कारागीर हायवेलगत भेटतात. ते एक छोटे यंत्र जोडतात आणि ट्रकच्या कॉम्प्युटरला सगळे ठीक असल्याचा खोटा निरोप जातो. काही जण चोंदलेला फिल्टर आतून पोकळच करून टाकतात.

उभ्या गाडीच्या चाचणीत हे बहुधा पकडले जात नाही. म्हणून ते चालून जाते. पण गाडीत असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२अ मध्येच सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड आहे. आणि कायद्यापेक्षा मोठी गोष्ट आरोग्याची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या गटात टाकला. हा धूर सगळ्यात आधी कोणाच्या छातीत जातो? केबिनमध्ये झोपणाऱ्या क्लीनरच्या, सायलेन्सरखाली आडव्या झालेल्या फिटरच्या आणि ट्रक टर्मिनलला लागून असलेल्या वस्तीतल्या मुलांच्या. युरियाचे वाचवलेले पैसे शेवटी दवाखान्यात जाणार असतील, तर ती बचत कसली?

मार्ग काय?

जगात यावर काम झाले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १४ हजार पौंडांवरच्या, म्हणजे साधारण ६,३५० किलोंवरच्या जड गाड्यांना २०२५ पासून वर्षातून दोनदा तपासणी आहे. नव्या ट्रकमध्ये सायलेन्सरमधला धूर पाहत बसण्याऐवजी ट्रकच्या कॉम्प्युटरमधली माहिती थेट वाचली जाते. त्यातून फिल्टर आणि शुद्धीकरण यंत्रणा चालू आहे की नाही, ते कळते. युरोपात बेल्जियमने २०२२ मध्ये, नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ मध्ये डिझेल गाड्यांच्या तपासणीत बारीक कण मोजणारी यंत्रे आणली, कारण फिल्टर काढलेली गाडी जुन्या धूर चाचणीत पास होत होती.

आपल्याकडे बीएस-६ ट्रकसाठी हे दोन्ही करता येईल. फिटनेस चाचणी आता स्वयंचलित केंद्रांकडे जात आहे. तिथेच ट्रकचा कॉम्प्युटर वाचण्याची आणि कण मोजण्याची सोय करावी. खोटे प्रमाणपत्र देणाऱ्या केंद्राचा परवाना जावा. आणि जुन्या ट्रकवाल्याला फक्त फीचा बडगा दाखवू नये. एका ट्रकवर घर चालवणारा माणूस नवा ट्रक घेईल तो परवडणाऱ्या कर्जावर, फी वाढवल्यामुळे नाही. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार होईल.

तोपर्यंत ट्रकमालक आणि ड्रायव्हर भावांना आमची काही कळकळीची सांगणी :

१. पीयूसीचा कागद हातात आला की त्यावरचा आकडा आणि मर्यादा दोन्ही वाचा. गाडी न तपासता मिळालेला कागद घेऊ नका. अपघात किंवा कोर्टकचेरीच्या वेळी तो उपयोगी पडणार नाही.

२. गाडी नापास झाली तर कारण लिहिलेले नकारपत्र मागा. २०२१ पासून त्याची तरतूद आहे. कोणता दोष काढायचा हे त्यातून मेकॅनिकला कळते.

३. काळा धूर येत असेल तर आधी एअर फिल्टर आणि नोझल तपासा. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, म्हणजे तुमचाच पैसा हवेत जातो आहे.

४. पगारी ड्रायव्हरने गाडी ताब्यात घेताना पीयूसीची तारीख पाहावी. ती संपली असेल तर मालकाला मोबाइलवर लेखी कळवावे. उद्या वाद झाला तर तोच पुरावा.

५. युरियाची यंत्रणा बंद करण्याचे काम गॅरेजवाल्यांनी घेऊ नये. त्याऐवजी बीएस-६ ची दुरुस्ती शिकावी. येत्या काळात जुने ट्रक कमी होत जाणार आहेत. ज्या पोराला ट्रकचा कॉम्प्युटर वाचता येईल, त्याच्याच गॅरेजसमोर रांग लागेल.

वाहतूकदारांच्या संघटना दंड कमी करा म्हणून सरकारशी बोलतात, ते योग्यच आहे. त्याच निवेदनात ‘आमच्या गाड्या खऱ्या मापाने तपासा, आणि ज्या कंपनीने त्या बनवल्या तिलाही तपासा’ ही मागणी पहिल्या क्रमांकावर आली, तर सरकारला टाळणे अवघड जाईल. माप खरे असेल तर प्रामाणिक ट्रकवाल्याला चाचणीची भीती बाळगण्याचे कारण नाही.