नोंदी आम्ही करतो, निर्णयात त्या धरा
शहरी निसर्गनिरीक्षकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. आयुक्त, राज्यातील सर्व महानगरपालिका

महोदय,

2016 साली लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांच्या चुरशीतून सुरू झालेला ‘सिटी नेचर चॅलेंज’ आता जगभर एप्रिलअखेरीस होतो. चार दिवस नागरिक दिसेल त्या झाडाचा, कीटकाचा, पक्ष्याचा फोटो ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर टाकतात आणि जाणकार ओळख पटवतात. आपल्याकडेही विद्यार्थी आणि निवृत्त मंडळी भर उन्हात हे काम विनामोबदला करतात. मात्र झाड तोडण्याचा किंवा नाला बांधून काढण्याचा निर्णय होतो, तेव्हा या नोंदी कोणी उघडून पाहत नाही.

जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 41 नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते, आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्या समितीचे मुख्य काम. ही नोंदवही एकदा छापून संपत नाही. नागरिकांच्या पडताळलेल्या नोंदी तिच्यात दरवर्षी घ्याव्यात, आणि वृक्षतोड, नाला किंवा तलाव सुशोभीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावाला त्या जागेच्या नोंदी जोडाव्यात. ही आमची सर्वांत आग्रहाची मागणी आहे. बाकीच्यांना थोडा उशीर झाला तरी चालेल, हिला नको.

दुसरे, हंगामाचे. एप्रिलअखेर बहावा आणि ताम्हण फुललेले असतात, पण थंडीत आलेले धोबी परतलेले असतात आणि पावसाळी रानफुले, बेडूक, गवते यांचा मागमूस नसतो. केवळ त्या चार दिवसांवरून शहराची यादी केली, तर ती निम्मीसुद्धा होणार नाही. म्हणून पालिकेने भाद्रपद-आश्विनात स्वतःचा नोंदणी सप्ताह भरवावा आणि तो पार पडेपर्यंत उद्यानांच्या कडेचे, टेकड्यांवरचे गवत कापू नये.

उद्यान विभागाकडे विशेष लक्ष वेधतो. लिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखा तपकिरी-पांढरा ठिपका दिसतो. जवळून पाहिले तर ती अळी असते. तीच पुढे राणी पाकोळी, म्हणजे 2015 साली घोषित झालेले आपले राज्य फुलपाखरू, होऊ शकते. कीड समजून तिच्यावर फवारा मारला जातो. यात दोष माळ्यांचा नाही, त्यांना कोणी दाखवलेलेच नसते. उलट धामण कुठल्या बांधात राहते, भारद्वाज कुठे घरटे करतो, हे आमच्याआधी त्यांना ठाऊक असते. त्यांना प्रशिक्षण द्यावे, नोंदणीचे दिवस कामाचे दिवस धरून पूर्ण वेतन द्यावे आणि पालिकेचे नोंद-अर्ज मराठीत असावेत.

उद्यानांत सकाळी लवकर आणि पतंग-निरीक्षणासाठी रात्री प्रवेशाची लेखी परवानगी मिळावी. दरवेळी पहारेकऱ्याशी हुज्जत घालावी लागू नये. घुबडांची घरटी आणि सापांच्या जागा मात्र पालिकेच्या कोणत्याही पत्रकात नेमक्या पत्त्यासह छापू नयेत. माहिती उघड झाली की त्रास देणारेही तिथे पोहोचतात.

नोंदी आणि त्या वाचायला मदत करणारी माणसे आम्ही देऊ, तीही विनामूल्य. येत्या पावसाळ्यापूर्वी जैवविविधता समिती आणि वृक्ष प्राधिकरण यांच्या संयुक्त बैठकीत आम्हाला वेळ द्यावी, ही विनंती.

आपले,
शहरी निसर्गनिरीक्षक