घरी सांभाळा म्हणता, तर घर राहू द्या



पाऊस लागला की पाड्यापाड्यावर तान्ह्यांची छाती भरते. आज नाक गळतं, उद्या खोकला, परवा रात्री धाप. मग तालुक्याच्या बैठकीत कोणी साहेब उठतो आणि दरवर्षीचं तेच बोलतो : आदिवासी बाई अडाणी, पोर आजारी पडलं की कवटाळून घरात बसते. त्याच बाईने पोर पाठीला बांधून, दोन ओहोळ ओलांडून दवाखान्यात नेलं, तर तिथे सांगतात, साधा खोकला आहे, घरी सांभाळा. म्हणजे आणलं नाय तरी अडाणी आणि आणलं तरी अडाणी.

या दोन्ही बोलण्यांना आज उत्तर द्यायचं आहे.

पहिलं उत्तर. पोराला कवटाळणं हा अडाणीपणा नाय, ती निम्मी दवा आहे. तान्हं गार पडलं की त्याची सगळी ताकद अंग गरम ठेवण्यात जाते, श्वासाला ताकद उरत नाही. म्हणून आईच्या उघड्या छातीशी धरायचं, वरून लुगडं किंवा गोधडी, डोकं झाकलेलं, नाक-तोंड मोकळं. सपाट झोपवण्यापेक्षा डोकं वर राहील असं खांद्याशी धरलं, तर त्याला दम घ्यायला सोपं जातं. ताप चढून अंग भाजत असेल तर गोधड्या कमी करा आणि कोमट पाण्याच्या फडक्याने अंग पुसा. गार पाणी ओतू नका.

अंगावर पाजणं थांबवू नका. धाप लागलेलं बाळ दोन घोट पितं आणि सोडतं. बाई समजते की दूध आटलं किंवा बाधलं. तसं नाय. त्याचं नाक चोंदलेलं असतं, पिऊ की श्वास घेऊ असं त्याला होतं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घाला, आपल्या आसवांइतकंच खारट, जास्त नको. एकेक थेंब नाकपुडीत सोडा, स्वच्छ फडक्याच्या वातीने शेंबूड काढा, मग पाजा. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, रात्रीसुद्धा. नुसत्या दुधावरच्या तान्ह्याला दुसरं काही चाटवायची गरज नाय. जेवणाऱ्या पोराला पातळ पेज द्या, कोमट पाणी द्या. नाकात तेल मात्र कधीच सोडू नका, ते फुप्फुसात उतरतं. दारूचं बोटही चाटवू नका.

हे सगळं आपल्या आया-आज्या करत आल्या. त्यांना कोणी शिबिरात शिकवलेलं नाय.

पण घरच्या ऊबेने काय होतं आणि काय होत नाही, हेही सरळ बोललं पाहिजे. ऊब आणि दूध बाळाची ताकद टिकवतात. फुप्फुसात जंतू शिरला असेल तर तो ऊबेने मरत नाही, त्याला गोळी लागते. आणि एक गोष्ट प्रत्येक बाईने मनात पक्की धरावी : रडायचं थांबलेलं बाळ प्रत्येक वेळी बरं झालेलं नसतं. कधीकधी रडायची ताकद संपलेली असते. बाळ उगी झालं म्हणून निजायच्या आधी त्याचा श्वास मोजा.

मोजायला डॉक्टर लागत नाही. मनगटी घड्याळ आता पाड्यावर एखादं तरी असतं. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, कपडा वर करून पोटाकडे पाहा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ : ६० किंवा जास्त.
दोन महिने ते एक वर्ष : ५० किंवा जास्त.
एक वर्ष ते पाच वर्षं : ४० किंवा जास्त.

पुन्हा मोजूनही इतके भरले तर तो साधा खोकला नाय, न्यूमोनिया आहे असं समजून गोळी सुरू झाली पाहिजे. दोन महिन्यांच्या आतलं असेल तर सरळ दवाखान्यात न्या. आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ कण्हत असेल, पीत नसेल, हलवूनही जागं होत नसेल, झटके येत असतील, ओठ निळे पडले असतील किंवा अंग गार पडलं असेल, तर सकाळ होईपर्यंत थांबायचं नाय. पाड्याने रात्रीच निघायचं. वाटेतही छातीशी धरूनच न्यायचं.

आता डागाबद्दल. भगताशी आमचं वैर नाय. रात्री दोन वाजता हाक मारली तर तोच येतो, साहेब येत नाही. पण तापल्या विळ्याने पोराच्या पोटावर डाग दिला तर छातीतला जंतू मरत नाही. उलट धापेने थकलेल्या जिवाला भाजल्याची आग सोसावी लागते, आणि ती जखम चिघळली तर तोही एक आजार होतो. भगताने धान पाहावं, मंत्र म्हणावा, आईला धीर द्यावा. डाग बंद झाला पाहिजे, आणि तो पाड्याच्या बैठकीत भगताला समोर बसवून बंद झाला पाहिजे. पोलिसाच्या धाकाने बंद करायला गेलात तर लपून चालेल.

दुसरं उत्तर साहेबांना. घरी सांभाळा म्हणता. कोणत्या घरी?

आपलं घर म्हणजे कुडाची एक खोली. त्यातच चूल, त्यातच पोराची झोळी. सुकं सरपण पावसाआधी साठवावं तर मोळीसकट कोयता जप्त होतो. मग पावसात ओली लाकडं जळतात, आणि तो धूर सगळ्यात आधी तान्ह्याच्या छातीत जातो. आम्ही बायांना सांगतो की चूल पेटली की झोळी दाराशी न्या. पण दाराशी पाणी गळतं. छपराला नवी कारवी आणावी तर गुन्हा लागतो. आणि प्लॉटावरची झोपडी ऐन पावसात अतिक्रमण म्हणून मोडली, तर बाई कोणत्या कोपऱ्यात बाळाला ऊब देणार?

ज्या जमिनीला अतिक्रमण म्हणतात ती आपल्या बापजाद्यांनी कसली. सरकारनेच १९७८-७९ मध्ये ठरवलं की ३१ मार्च १९७८ पर्यंतची अशी जमीन कसणाऱ्याच्या नावावर करायची. किती जणांच्या हातात कागद आला? १९८० चा वनकायदा आला आणि तेच कारण झालं. जमीन नावावर नाय म्हणून नागली-वरई पुरत नाही, पुरत नाही म्हणून दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर जावं लागतं. ओली बाळंतीण डोक्यावर विटा वाहते, तान्हं धुळीत निजतं, दूध पाजायला मुकादम सोडत नाही. गावात रोजगार हमीचं काम निघालं तर नियमाप्रमाणे तिथे पाळणाघर, सावली, पिण्याचं पाणी पाहिजे. तुमच्या कामावर पाळणाघर पाहिलंत का कोणी?

तेव्हा आई अडाणी आहे म्हणून पोर मेलं असं जो लिहितो, त्याने आधी तिच्या घरावर कोणी हात घातला ते लिहावं. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची पोरं गेली तेव्हा पेपरात बातम्या आल्या, साहेबांच्या गाड्या आल्या. गाड्या गेल्या. पाऊस दरवर्षी येतो.

आता गोळीचं. आदिवासी भागात दर ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, असा सरकारचाच नियम आहे. १९९२ साली सुरू झालेल्या सरकारी बालजीवन कार्यक्रमात नर्सबाईच्या पेटीत लहान पोरांच्या न्यूमोनियाच्या गोळ्या ठेवायच्या होत्या. कोट्रायमोक्साझोल हे त्या वेळच्या गोळ्यांचं नाव. न्यूमोनियाची गोळी भीक नाय, आपल्या नावाने आलेला माल आहे. खोकल्याची गोड बाटली दिली तर घेऊ नका, तिने न्यूमोनिया जात नाही. गोळी मिळाली तर सांगितलेले सगळे दिवस द्या, बाळ हसायला लागलं तरी मधेच सोडू नका. आणि दोन दिवसांत धाप कमी झाली नाय तर परत न्या.

कोणी म्हणेल, अडाणी माणसांच्या हातात औषध कसं द्यायचं? गडचिरोलीकडे बघा. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ पासून गावातल्याच माणसांना आणि सुईणींना श्वास मोजायला आणि गोळी द्यायला शिकवलं. शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हतं, त्यांच्या मानाने तिथलं न्यूमोनियाने पोरं मरण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. त्या सुईणी आपल्या सुईणींसारख्याच. तिकडे जमलं ते इकडे का जमत नाही, याचं उत्तर साहेबांनी द्यावं.

म्हणून संघटनेची मागणी अशी :

१. प्रत्येक पाड्यावर दोन बायांना श्वास मोजायचं आणि गोळी द्यायचं शिक्षण द्या, त्यांच्याकडे गोळ्या ठेवा.
२. नर्सबाईची पेटी महिन्याला पाड्यासमोर उघडा. रिकामी असेल तर तसं वहीत लिहून सही द्या.
३. पावसाळ्यात एकही झोपडी मोडायची नाय. सरपण आणि घराच्या कुडाला लागणारी कारवी आणण्यावर केस नाय.
४. रोजगार हमीच्या कामावर पाळणाघर आणि पाजायला सुट्टी.
५. १९७८ पर्यंतच्या जमिनींचे दावे पाड्यावर येऊन तपासा, कागद हातात द्या.

येत्या बैठकीला प्रत्येक पाड्याने दोन बायांची नावं ठरवून आणावीत. घड्याळ ज्याच्याकडे आहे त्याने ते घेऊन यावं, श्वास मोजायचं तिथेच शिकवलं जाईल. मागच्या पावसापासून कोणाचं पोर छाती भरून गेलं, कोणत्या रात्री, नर्सबाई कधी आली, गोळी होती का नाय, हे वहीत लिहून आणा. मोर्चात जमिनीच्या दाव्यांच्या वहीबरोबर ही वहीसुद्धा तहसीलदाराच्या टेबलावर ठेवायची आहे. दोन्ही एकाच अन्यायाचे कागद आहेत.

जमीन आमची, पोरं आमची!