घमेले कुणाच्या हाती?

शाळा-कॉलेजांना सुट्ट्या लागल्या की अमेरिका, युरोप, दक्षिण कोरियातील चर्चची तरुण मुलेमुली स्वतःच्या पैशाने तिकीट काढून आफ्रिकेतल्या नाहीतर दक्षिण अमेरिकेतल्या एखाद्या गरीब खेड्यात जातात. तिथे ती पाया खणतात, विटा वाहतात, शाळेच्या भिंती रंगवतात. याला ते लोक मिशनची सहल म्हणतात. आपल्याकडे असे चार गोरे चेहरे एखाद्या वस्तीत दिसले की मनुवादी मंडळींच्या पोटात लगेच धर्मांतराचा गोळा उठतो. आम्हाला त्या गोळ्याचे काही देणेघेणे नाही. १९५६ साली लाखोंच्या संख्येने धर्म बदललेला हा समाज आहे. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य दिलेले आहे आणि कुणी कुणाच्या विटा उचलल्या म्हणून ते धोक्यात येत नाही. आमचा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो जास्त करून आपल्याच माणसांना आहे.

महाराष्ट्रात हा प्रकार सर्वांत मोठ्या प्रमाणावर घडला तो २००६ च्या ऑक्टोबरअखेरीस, लोणावळ्याजवळ मळवलीच्या परिसरात. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर, तेव्हा वय वर्षे ८२, पत्नी रोझलिन यांच्यासह तिथे आले. देशोदेशींचे सुमारे दोन हजार स्वयंसेवक आले. शंभर घरांचे काम त्यांनी आठवडाभरात उभे केले. वर्तमानपत्रांनी हॉलिवूडचा नट ब्रॅड पिट आणि ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू स्टीव्ह वॉ यांचे फोटो छापले. पण घरे कोणत्या विचाराने बांधली जात होती, हे फारसे कुणी सांगितले नाही.

ती संस्था हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी. मिलार्ड फुलर नावाच्या वकिलाने पत्नी लिंडासह ती १९७६ साली स्थापन केली. फुलर व्यवसायात लक्षाधीश झाला होता. तो पैसा वाटून टाकून नवराबायको जॉर्जिया राज्यातल्या कोइनोनिया नावाच्या शेतवसाहतीत गेली. १९४२ साली क्लॅरेन्स जॉर्डन या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या या वसाहतीत काळे आणि गोरे एका टेबलावर जेवत, एकाच दराने मजुरी घेत. म्हणून १९५० च्या दशकात आसपासच्या गोऱ्यांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. बी-बियाणे देईनात, माल घेईनात, गोळ्या झाडल्या, बॉम्ब टाकले. आमच्या वाचकांना बहिष्कार म्हणजे काय ते शिकवायला नको. त्या बहिष्कृत शेतावर ही कल्पना निघाली: ज्याला घर हवे त्याने स्वतः घाम गाळायचा, दुसऱ्याच्याही घरावर राबायचे, घराची किंमत नफा न घेता हप्त्याने फेडायची. भीक नाही, दानही नाही. कार्टर त्याच जॉर्जियातले, कोइनोनियापासून काही मैलांवरच्या प्लेन्स गावचे. २०२४ च्या डिसेंबरात, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते वारले. त्यांच्या आई लिलियन १९६६ साली, ६८ व्या वर्षी, पीस कोअरतर्फे नर्स म्हणून मुंबईत विक्रोळीला येऊन राहिल्या होत्या. ते सरकारी काम होते, मिशनचे नव्हे. पण त्या वयात आपल्याकडची माणसे काय करतात ते आठवावे.

आता याच २००६ सालचे दुसरे पान उलटू. कार्टर मळवलीला येण्याच्या बरोबर महिनाभर आधी, २९ सप्टेंबरला, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांची हत्या झाली. या बौद्ध कुटुंबाला गावाने पक्के घर बांधू दिले नव्हते, हे त्या वेळच्या सत्यशोधन अहवालांत आहे. एका टोकाला सातासमुद्रापलीकडून माणसे येऊन परक्याच्या घराची भिंत चढवत होती. दुसऱ्या टोकाला शेजारीच शेजाऱ्याची भिंत उठू देत नव्हता. धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवाचे ते वर्ष होते. मळवलीच्या बातम्या रंगवणाऱ्या मोठ्या वर्तमानपत्रांना खैरलांजी दिसायला लोकांना रस्त्यावर उतरावे लागले.

याचा अर्थ आम्ही या सहलींच्या प्रेमात पडलो आहोत असे नव्हे. विमानाच्या एका तिकिटात इथला गवंडी किती महिने कामावर ठेवता येईल, हा हिशेब पाश्चात्त्य देशांतले लोकच आता मांडू लागले आहेत, आणि तो रास्त आहे. कधी करणी न धरलेला पोरगा भिंत बांधणार आणि जाणता गवंडी बाजूला बसून पाहणार, यात उपकार कुणावर? शिवाय बाबासाहेबांनी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांची दखल घेतली, तसेच चर्चच्या आतही जात शाबूत राहिली हेही परखडपणे दाखवून दिले. सेवा केली म्हणजे समता आली, असे होत नाही.

तरीही एक गोष्ट उरते. अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष हातोडा घेऊन उन्हात उभा राहतो आणि त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही. इथे तहसील कचेरीतला कारकून स्वतःची खुर्ची उचलून ठेवत नाही. असे का? जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवले. राबणारा खालचा, न राबणारा वरचा, ही ती उतरंड. आमच्या आज्या-पणज्यांनी जी वेठ केली तिला कुणी श्रमदान म्हणत नव्हते. घटनेच्या २३ व्या कलमाने बेगार गुन्हा ठरली, तेव्हा कुठे कायद्याने आमचे हात मोकळे झाले. म्हणून शिकलेला आपला माणूस घमेल्यापासून दूर पळाला, हे आम्हाला समजते. आजही गावात श्रमदानाची हाळी आली की पहिले फावडे भूमिहीनाच्याच हाती जाते आणि पाणी बागायतदाराच्या विहिरीला लागते. अशा श्रमदानाला आमचा विरोधच आहे.

पण सक्तीचे श्रम नाकारणे वेगळे आणि श्रमालाच कमी लेखणे वेगळे. आमच्या कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याला जा. तिथला एक यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर, घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचे नाव कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी बुद्धाच्या लेण्यात कारागिराचे नाव देवळाच्या पायरीवर नव्हे, मूर्तीच्या हातावर येते! पैठणच्या गांधिक कुळातील मितदेवाने तिथे खांब दान दिला. आणि मळवलीपासून जवळच असलेल्या कार्ल्याला तर धेनुकाकटाच्या यवनांनी, म्हणजे परक्यांनी, दिलेले खांब आहेत. परक्या हातांची आपल्याला ॲलर्जी नव्हतीच कधी. १९७० च्या दशकाअखेर इंग्लंडहून आलेले लोकमित्र पुण्याच्या वस्त्यांत काम करू लागले, आणि त्यासाठी ब्रिटनमध्ये करुणा ट्रस्टच्या स्वयंसेवकांनी दारोदार फिरून पैसा उभा केला, हे विसरता येणार नाही.

तेव्हा परदेशी माणसे येवोत न येवोत, आमच्याच तालुक्यात काय चालले आहे ते पाहा. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. त्यांच्यातल्या कुणाला रमाई आवासमधून घरकुल मंजूर झालेले असते. अनुदान टप्प्याटप्प्याने मिळते. जोत्याचा फोटो, मग हप्ता. लिंटेलचा फोटो, मग हप्ता. मजुरी महागलेली, माणूस फडात, घर लिंटेलला अडकलेले. परत येईपर्यंत सिमेंटच्या गोण्या दगड झालेल्या असतात. त्याच वस्तीत बँकेत, शाळेत, एसटीत, कोर्टात नोकरी करणारी आपली माणसे राहतात. जयंतीच्या डीजेला ती वर्गणी देतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच आहे. येत्या हंगामात आपल्या वस्तीतल्या अडकलेल्या घरकुलांची यादी काढा. गवंड्याची मजुरी वर्गणीतून पूर्ण द्या, त्याचे काम हिसकावू नका. आणि त्याच्या हाताखालचे बिगारी म्हणून रविवारी तुम्ही उभे राहा. वकील, मास्तर, साहेब, सगळे. हप्ता अडवणाऱ्या ग्रामसेवकाला लेखी अर्ज कसा द्यायचा, अपील कुठे करायचे, ते कागद आम्ही तयार करून देऊ. आणि घमेलेही घेऊ.