नाव कोणाचे, आवाज कोणाचा?

आमच्या कोपरगाव तालुक्यात काकडी नावाचे गाव आहे. तेथील माळरानावर विमानतळ झाला आणि 1 ऑक्टोबर 2017 रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटनही झाले. जमीन काकडीकरांची, तालुका कोपरगाव आणि नाव मात्र शिर्डीचे! व्यवहार म्हणून हे बरोबरच आहे. दूरदेशीचा भाविक साईबाबांचे नाव ऐकून येतो. तिकिटावर 'काकडी' छापले तर त्याला काय बोध होणार? तरीही आमच्याकडे हा विषय निघाला की आवाज चढतोच. जिल्हा विभाजनाचे तेच. मुख्यालय संगमनेरला, श्रीरामपूरला की शिर्डीला, हा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, विभाजन मात्र तेथेच राहिले.

नावासाठी इतके भांडणारे आपण आवाजासाठी भांडतो का, हा माझा प्रश्न आहे.

जून 2023 मधील प्रकरण आठवून पाहा. पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तेथील बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगर केंद्राकडे सोपवण्याचे प्रसार भारतीने ठरवले. सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या बातम्या ऐकत ज्यांच्या पिढ्या वाढल्या, ते पुणेकर खवळले. काही दिवसांतच तत्कालीन केंद्रीय मंत्री अनुराग ठाकूर यांनी निर्णयाला स्थगिती दिली. पण दरम्यान चर्चेने भलतेच वळण घेतले. पुण्याचे वैभव गेले, म्हणून इकडे हळहळ; तर मराठवाड्याला काही मिळाले की तुमच्या पोटात का दुखते, असा तिकडून सवाल. दोन शहरांची जुनी असूया नव्याने उगाळली गेली.

कोपरगाव या दोन्ही शहरांचे नाही. नगर, नाशिक आणि संभाजीनगर ही तिन्ही शहरे येथून साधारण शंभर किलोमीटरच्या आसपास. म्हणूनच आमच्यासाठी प्रश्न मानाचा नसून पाण्याचा आहे. नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून निघणाऱ्या गोदावरीच्या कालव्यांवर या भागातील ऊस आणि फळबागा उभ्या राहिल्या. 2005 च्या कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वानुसार, पाऊस कमी झाला की नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागते. त्या दिवशी कोपरगावात 'हक्काचे पाणी गेले' म्हणतात आणि पैठणला 'हक्काचे पाणी मिळाले' म्हणतात. घटना एक, वाक्ये दोन. बातमीत यातले कोणते वाक्य जाणार? बातमी देणारा कितीही प्रामाणिक असो, ज्या गावचे पाणी तो पितो त्या गावची तहान त्याला आधी कळते. आणि हे पुण्याच्या टेबलालाही तितकेच लागू आहे.

गल्लोगल्ली एफएम झाले, मग आकाशवाणीचे एवढे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. खासगी एफएमला किंवा सामुदायिक नभोवाणीला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. गाणी हवी तितकी वाजवा, गप्पा मारा. बातमी मात्र आकाशवाणीचीच. म्हणून तिचे टेबल कोठे आहे यापेक्षा त्या टेबलावर कोणाचे निरोप पोचतात, याला महत्त्व आहे.

नगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा, तालुके चौदा. अकोल्याचा मुसळधार पाऊस आणि जामखेडचा कोरडा माळ एकाच जिल्ह्यात नांदतात. अशा जिल्ह्याचा आवाज एका शहराच्या नावात कसा मावेल? वृत्तविभाग पुण्यात राहो की संभाजीनगरात. आपण मागायला हवे ते एवढेच, की नदीच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक, असे दोन वार्ताहर असावेत आणि पाण्याची बातमी दोघांना विचारूनच वाचली जावी.

पाटीवर नाव लागले की मिरवणूक निघते. बातमीत गाव आले की निदान कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, ते तरी घरी बसून कळते. शेतकऱ्याच्या घरात यातले काय अधिक उपयोगाचे, हे मी सांगायला नको.