गाडी सजवायची की लांब न्यायची?

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एकदा नीट चक्कर मारा. आपण इंजिनिअरिंगमध्ये काय शिकलो, त्याचा निकाल तिथेच लागतो! एका गाडीचा मागचा टायर इतका रुंद की तो चिमट्याला घासायचाच बाकी. दुसरीचा सायलेन्सर कापलेला. तिसरीला चार हॅलोजन. आणि सगळ्या मालकांचं उत्तर एकच, "लडाखला जायचंय रे, म्हणून करून घेतलं!" आता सायलेन्सर कापल्याने लडाख जवळ कसं येतं, हे मला मेकॅनिकलच्या कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही.

पण म्हणून "कंपनीने दिली तशीच चालवा" म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही मी नाही. कंपनी गाडी बनवते ती सरासरी माणसासाठी. घर ते ऑफिस, फार तर मागे बायको आणि डिकीत डबा. आपल्याला मात्र दिवसाला चार-पाचशे किलोमीटर जायचंय, तेही तंबू, कपडे आणि मित्रासकट. म्हणजे लोड बदलला. लोड बदलला की डिझाईन पुन्हा तपासायचं, हेच तर आपल्याला चार वर्षं शिकवतात ना? तेव्हा गाडीत बदल जरूर करा. फक्त प्रत्येक बदलाला एक प्रश्न विचारा : चारशेव्या किलोमीटरला याचा मला काय उपयोग?

मुंबईचे अक्षय वर्दे आपल्या 'वर्देंची'मध्ये बुलेटवरून ज्या चॉपर घडवतात, त्या बघायला आपण सगळेच थांबतो. ती कला आहे, तिला माझा सलाम. पण कला वेगळी आणि प्रवास वेगळा. आणि आपल्या नवी मुंबईतून निघणारा प्रवास तर सोपा मुळीच नाही. एक्सप्रेसवे कळंबोलीला आपल्या दारात सुरू होतो, पण दुचाकीला तिथे बंदी. 2024 मध्ये अटल सेतू झाला, तिथेही बंदी. आपल्या नशिबी पनवेलवरून जुना पुणे रस्ता आणि खंडाळ्याचा घाट, नाहीतर पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता. सोबतीला जेएनपीटीचे कंटेनर! तिथे चूक झाली तर व्हायवासारखा दुसरा चान्स मिळत नाही.

आता सामानाचं बघू. बहुतेक जण मागे भलामोठा टॉप बॉक्स लावतात. समजा त्यात 20 किलो सामान आहे, बॉक्सचा मध्य मागच्या ॲक्सलच्या 40 सेंटीमीटर मागे आहे आणि व्हीलबेस 1.3 मीटर आहे. मोमेंट घ्या, फर्स्ट इयरचं गणित आहे. पुढच्या चाकावरचा भार सुमारे 6 किलोने कमी होतो. आता तेच सामान दोन बाजूंच्या बॅगांत, खाली, ॲक्सलच्या 20 सेंटीमीटर पुढे आणा. पुढच्या चाकावर उलट 3 किलो वाढतात! सामान तेच, पण घाटातल्या वळणावर हँडल हलकं लागतंय की नाही, ते इथे ठरतं. शिवाय वजन खाली आल्याने गाडी कमी डुलते. यासाठी खर्च किती? दोन बॅगा आणि थोडी अक्कल.

बॅगा लावायला कॅरिअर लागतं. मग आपण वेल्डिंगवाल्याकडे जातो आणि तो दहा मिनिटांत पाईप थेट चासीला चिकटवून देतो. घट्ट बसलं, आपण खूश! पण वेल्डच्या शेजारचा तापलेला भाग हाच पुढे कमजोर दुवा ठरतो. खड्ड्यांचे हजारो हादरे बसले की फटीगने भेग तिथूनच सुरू होते. म्हणून चासीला वेल्डिंग नकोच. कंपनीने दिलेल्या बोल्टच्या जागांवर, मध्ये रबरी बुश टाकून कॅरिअर बसवा. 2016 मध्ये हिमालयन आली तेव्हा 15 लिटरच्या टाकीचं कौतुक सगळ्यांनी केलं. पण सामान बांधण्याच्या जागा तिच्या डिझाईनमध्येच धरलेल्या होत्या, ही गोष्ट मला जास्त शहाणपणाची वाटते.

लाईटचंही तेच. 55 वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे 110 वॅट. 12 व्होल्टला भागा, 9 अँपिअरच्या वर करंट झाला. दीडशे सीसीच्या गाडीची बॅटरी साधारण 9 अँपिअर-अवरची. म्हणजे चार्जिंगने साथ दिली नाही तर तासाभरात बॅटरी बसली, आणि तुम्ही कशेडीच्या अंधारात! इलेक्ट्रिकलवाल्यांनी तरी रिले आणि फ्यूज न टाकता हेडलाईटच्या वायरला जोड मारू नये, ही नम्र विनंती. कमी वॅटचे एलईडी लावा आणि ते खाली झुकवा. समोरच्या ट्रक ड्रायव्हरचे डोळे दिपले तर धोका त्याला नाही, आपल्याला आहे.

रुंद टायरबद्दल थोडक्यात : रिम तेवढीच ठेवून टायर रुंद केला की तो चिमटून गोल होतो, वळणावर गाडी जड लागते आणि ॲव्हरेजही पडतं. हँडल उंच केलंत तर ते दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाऊन इंजिन आपोआप रेस होत असेल, तर ते हँडल तुमचं नाही. त्यापेक्षा सीटवाल्याकडून फोम नीट करून घ्या. तीनशे किलोमीटरनंतर तुम्हाला माझी आठवण येईल.

आणि लडाखच म्हणत असाल तर पेट्रोलचं गणित आधी करा. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावरची 'पुढचा पंप 365 किलोमीटर' ही पाटी कितीतरी फोटोंत दिसते. शिवाय पाच हजार मीटरच्या वर हवेचा दाब साधारण निम्मा होतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण तिथे रिच होतं, गाडी गुदमरते आणि पेट्रोल पिते. तिथे कापलेला सायलेन्सर नाही, बरोबर घेतलेला कॅन कामाला येतो.

आता कायदा. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की आरसी बुकात नोंदलेला कंपनीचा तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. बॅगेसाठी साडी गार्ड काढून फेकणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की मागचं चाक निम्मं झाकणारं संरक्षण नियमानेच सक्तीचं आहे. आणि अपघातानंतर इन्शुरन्सवाल्याने फेरफाराकडे बोट दाखवलं, तर बिल शेवटी गावाकडे आई-बाबांनाच भरावं लागतं. ट्रिपचं स्टेटस टाकताना हे आपण विसरतो.

शेवटचं बोलणं आमच्या सर-मॅडमशी. मोठ्या आवाजाच्या गाड्यांना हॉस्टेलमध्ये बंदी घालता, ते बरोबरच आहे. परीक्षेच्या रात्री तो आवाज आम्हालाही नको असतो. पण नुसत्या नोटिसीने पोरं थांबत नाहीत, ती बाहेरच्या गॅरेजमध्ये जातात आणि तिथे चासी तापवून येतात. आपल्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग आहे, लेथ आहे, ड्रिल आहे, आणि नजरेने जॉइंट ओळखणारे इन्स्ट्रक्टर काका आहेत. फर्स्ट इयरला आम्ही तिथे लॅप जॉइंट करतो, जर्नलवर सही घेतो आणि विसरून जातो. महिन्यातला एक शनिवार ते वर्कशॉप उघडा. कॅरिअर डिझाईन करा, लोड टाकून तपासा, वायरिंग मोजा, लांबच्या ट्रिपआधी गाडी एखाद्या सरांना दाखवा. यातून दोन-चार चांगले बी.ई. प्रोजेक्टही निघतील, दरवर्षी तेच ते कॉपी होणार नाहीत!

आणि दोस्तांनो, गाडीवर पाच हजार घालायचे असतील तर आधी आयएसआयचं चांगलं हेल्मेट, जॅकेट आणि हातमोजे घ्या. मागे बसणाऱ्यासाठीसुद्धा. मग ब्रेक, टायर, चेन. मग कॅरिअर. स्टिकर सगळ्यात शेवटी. या क्रमाने पैसे पुरले नाहीत तर स्टिकर राहू द्या. गोवा स्टिकरशिवायही तेवढंच लांब आहे, आणि तिथून परतही यायचंय.