माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला?

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेलं नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून विरोध केला. तरी हाच प्रश्न चामटोलीतली मुलंही घरून घेऊन येतात.

आजच्या माकडाचा माणूस झालाच नाही. चुलत भावंडांचे आजोबा एक, तसे दोघांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी एक होते. आणि सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हापासून बनताना तरी कोणी पाहिला? खडकच साक्ष देतो, तशी जीवाश्मं देतात.

निसर्गाची निवड तर शेतातही दिसते. एकच कीटकनाशक सतत फवारलं की थोड्या चिवट किडी वाचतात, त्यांचीच पिल्लं वाढतात, मग औषध चालेनासं होतं.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली. आपल्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ आहे. तो मार्कांपुरता उरकू नका. देवावरची श्रद्धा खुशाल ठेवा, पण मुलाने ‘पुरावा काय?’ विचारलं तर त्याला गप्प बसवू नका. हाच प्रश्न उद्या त्याला अफवांपासून वाचवेल.